एक अथर पाणी

फलज अल-खतमैनच्या काठावर मी तिपाई रोवतो,
बुडबुडा मध्यात आणतो.
बिर्कत अल-मोज. केळींचं तळं, असा नावाचा अर्थ.
निळी पाटी सांगते : जागतिक वारसा.
पाटीखाली बस थांबते. माणसं उतरतात.
बुरुजाचा फोटो, केळींचा फोटो,
पाण्यात सोडलेल्या स्वतःच्या पायांचा फोटो.
मग बस निझव्याला निघते,
जेवणाआधी किल्ला उरकायचा असतो.

माझ्या कंत्राटात एवढंच : उतार मोजणे.
मोजला. इतका कमी
की मी यंत्र पुसून पुन्हा लावलं.
ज्यांनी हे खोदलं त्यांनी पाण्यालाच विचारलं असणार,
बाबा, जमतंय का?

पुढे पाणी तीन वाटांना सारखं फुटतं,
तीन भावांत वाटणी व्हावी तसं,
फक्त कोणी कोर्टात गेलेलं नाही.

हमूद बिन सुलैयम काठी टेकत येतो.
इथला अरीफ. म्हणजे आमच्याकडचा पाटकरी.
त्याचं हिंदी कराचीचं, माझं सुरतेचं,
मधे कुठेतरी आमचं जमतं.
मोकळ्या जागेत एक खांब, जमिनीवर दगडांची ओळ.
सावली दगड ओलांडते तेव्हा एक अथर संपतो,
आपला अर्धा तास,
आणि पाणी एका बागेतून दुसऱ्या बागेत जातं.
रात्री हेच काम तारे करतात.
मनगटावर घड्याळ आहे, मुलाने दुबईहून आणलेलं.
"ते दवाखान्यासाठी," हमूद म्हणतो.

माझे वडील पांझरेच्या फडावर जागल्या होते.
कंदील घेऊन चारीच्या कडेने चालायचे.
वरून अंधारातून हाक यायची,
"पानी उनं का रे?"
आणि खाली कोणीतरी जागं असायचंच.
आमच्या बंधाऱ्याला पाटी नाही.
गाळात म्हशी बसतात, वर बोअरची मोटर घरघरते.
तक्रार नाही ही.
मी फक्त नोंद करतो, तेच माझं काम आहे.

गुरुवारी, नवव्या दगडाला,
हमूद वही उघडून थोडा वेळ थांबतो.
हे शम्सा बिंत नासरचं पाणी.
ती नवऱ्याबरोबर झांझिबारला गेली
तेव्हा हमूदचा जन्मही झाला नव्हता.
दोन पत्रं आली म्हणतात. मग काही नाही.
"मग हिस्सा कोणाचा?"
"तिचा. मी कोण काढणारा?"
ज्याची झाडं सुकतात त्याला देतो,
वहीत लिहितो : शम्साकडून उसने.
त्याच्या आधी त्याचा बाप लिहायचा.
"किती झालं आजवर?"
तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.
"ती परत आली तर गाव बुडेल."

मी हसलो नाही. माझ्या मनात
आमच्या चौथ्या फडातला एक बांध आला,
सातबाऱ्यावरचं माझं नाव,
भावाच्या नावाखाली, आणि त्याखालची जागा.

"आज कोणाला देऊ?"
कामगारांच्या छावणीमागे मी वांगी लावलीत,
सहा रोपं, भरताची, बी सामानात लपवून आणलेलं.
बोटाने दाखवलं. मागण्याची लाज वाटली.
त्याने नाव विचारलं, उजवीकडून डावीकडे लिहिलं.
भिकनमधला भ त्यांच्यात नसतो,
त्याने ब घातला, एक क्षण बघितलं, ठीक आहे म्हणाला.

मी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून दारं धरली.
चिंध्या गुंडाळलेला दगड वर त्यानेच उपसला.
आधी काडीकचरा आला,
मग एक खजुराची बी,
मग पाणी, मातीला चाचपत,
पहिल्या रोपापाशी जरा घुटमळलं.

वरून, भिंतीपलीकडून, कराचीच्या हिंदीत :
"पानी आया?"
"उनं," मी ओरडलो.
त्याला कळलं असावं.
पुन्हा विचारलं नाही,
दहाव्या दगडाकडे बघत उभा राहिला.