बला काही झालं दाही

नाक बंद झालं की म-चा ब होतो, न-चा द.
आईला फोनवर म्हटलं,
"बला काही झालं दाही."
पलीकडे बार्शीत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
"बला? बरोबर. बलाच आहेस तू.
वाफ घे. आणि तो एसी बंद कर."

एसी बंद करता येत नाही, आई.
रिमोट मारिविकच्या उशाखाली असतो,
आणि बाहेर, गुदैबियाच्या गल्लीत,
रात्री साडेदहालाही भिंतीला टेकवलेला हात
तव्यावरून उचलल्यासारखा मागे येतो.
आत अठरा, बाहेर एकोणचाळीस,
मधल्या उंबऱ्यावर माझं नाक.

क्लिनिकमध्ये कवळी बसवायला आलेल्या एक अबायातल्या आजीबाई
माझे डोळे बघून म्हणाल्या, "मा तशूफीन शर, बिन्ती."
वाईट तुझ्या दृष्टीस न पडो, पोरी.
याला उलट काय म्हणायचं असतं
ते दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
मी शिंकले.
त्यांना तेवढं पुरलं.

मनामात कोपऱ्यावरच्या वाण्याला कोल्ड स्टोअर म्हणतात.
सर्दीचं दुकान.
सिद्दीकभाईने लिंबं दिली, सुंठ दिली,
पैसे वहीत मांडले,
आणि वहीतून मान वर न काढता
"गीला बाल लेके सोती है ना?" म्हणून
सख्ख्या मामासारखा खेकसला.

मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं.
मऊ भात. इतका मऊ
की शीत शिताला ओळखत नाही.
वर मेतकूट, तूप,
कडेला मुरून काळी पडलेली लिंबाची फोड.
मेतकूट मार्चमध्ये संपलं.
डबा धुतलेला नाही,
अधूनमधून उघडून हुंगते.
आज हुंगला
तर नुसता डबा.

मारिविक दीडला आली.
दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत परक्यांच्या चादरी,
तो गरम, साबणी हात तिने माझ्या कपाळावर ठेवला,
काही बोलली नाही,
उशाखालून रिमोट काढला
आणि सव्वीस केला.
ती, जी सव्वीसला उकडून वेडी होते.
मग आलं ठेचल्याचा आवाज, बराच वेळ.
वाडग्यात पेजेसारखं काहीतरी आलं,
वर तळलेला लसूण, कांद्याची पात.
"लुगाव," ती म्हणाली. "नो चिकन, नो एग. आय रिमेंबर."

जिभेला मीठ कळलं, ऊब कळली,
आणि तळाशी अजून एक काहीतरी
ज्याला नाव द्यायला नाक लागतं.
दोन वाडगे खाल्ले. घाम फुटला. झोपले.

तिसऱ्या दिवशी उजवी नाकपुडी उघडली
आणि पहिला वास आला त्याच बाटलीचा,
जिच्यावरून वर्षभर भांडलेय मी,
झाकण लाव म्हणून, खिडकी उघड म्हणून.
पातिस. माशाचं खारं पाणी.
मारिविक आपल्या भातावर चार थेंब मोजत होती.

"त्या रात्रीच्या लुगावमध्ये...?"

तिने बाटली पाठीमागे लपवली,
मास्तरांनी पकडलेल्या पोरीसारखी.
"लिटल," ती म्हणाली. मग आणखी हळू,
"त्याच्याशिवाय औषध होत नाही, राजी.
नुसता भात होतो."

माझा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे गेला,
तिथेच थोडा वेळ राहिला,
मग खाली आला, कारण भूक लागली होती.

रात्री आईने विचारलं, "काय खाल्लंस आजारपणात?"
"मऊ भात."
म स्वच्छ निघाला.
"मेतकूट संपलं म्हणालीस ना? मग चव कशाची त्याला?"
समोरच्या पलंगावर मारिविक पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती.
"आलं," मी म्हटलं. "लसूण."
आणि आई पुढचं काही विचारायच्या आत
मुद्दाम शिंकले.

"बघ," आई म्हणाली. "एसी."