कायफेंगची उधारी

तिकिटं अजून जपून ठेवलीत.
एक लोखंडी पॅगोड्याचं,
जो लोखंडाचा नाहीच मुळी,
विटांवरची झिलईच तेवढी गंजाच्या रंगाची.
आतला जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला वाट द्यायला
चढणाऱ्याने भिंत व्हावं लागतं.
मी झालो भिंत, चार वेळा.
एक आजोबा जाताना खांद्यावर थोपटून गेले,
माणसाच्या की भिंतीच्या, कोण जाणे.

बाहेर विटेविटेत बुद्ध बसलेला.
हात पोचेल तिथवरच्यांची नाकं झिजलेली,
वरचे सगळे शाबूत.

पायथा कुठाय, विचारलं.
तिकीट फाडणारी थान नावाची पोरगी
बोट खाली करून म्हणाली, तिथे.
नदी आली, गाळ टाकून गेली.
गाळावर शहर बसलं. पुन्हा नदी आली.
पुन्हा बसलं.
पाढे म्हणावेत तशी म्हणत होती,
मध्येच जांभई देत.
मी बूट जरा हलकेच टेकवले त्यानंतर,
दोन-तीन पावलं.
मग विसरलो.

रात्री नगारखान्याच्या मनोऱ्यासमोर
गाड्याला गाडा लागलेला.
काड्यांवर मटण, धूर, लसूण,
आणि त्यातून अचानक जिरं!
मान आपसूक वळली,
गर्दीत कुणी घरच्या नावाने हाक मारावी तशी.

रसाच्या मोमोंची चाळण समोर आली.
मी अख्खा तोंडात टाकला
आणि जीभ पोळून नाचलो जागच्या जागी.
शेजारच्या टेबलावरचा सहा-सात वर्षांचा गुरुजी
उठून आला, एकही शब्द न बोलता
मोमो शेंड्याला धरून उचलला,
कडेला दाताने बारीक भोक पाडलं,
फुर्र करून रस ओढला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं नापासाकडे पाहतात.

पोळलेली जीभ घेऊन पोचलो बदामाच्या चहाशी.
चहा कसला, खीरच ती.
तांब्याची किटली हंड्याएवढी,
तोटीवर ड्रॅगन, ड्रॅगनच्या कपाळावर लाल लोकरी गोंडे.
ती किटली वाकवते, गोंडे थरथरतात,
उकळतं पाणी हातभर लांबून
नेमकं वाडग्यात.
वर तीळ, शेंगदाणे, बेदाणे,
गुलाबाची चिमूट.

नाव विचारलं. फोनने अनुवाद केला.
आडनाव बाय, म्हणाली. बाय श्युछिंग.
मी हसलो. म्हटलं, आमच्या कोकणात
हे आडनाव नाही, हाक आहे.
कुणाला, तिने विचारलं.
कुणालाही. लेकीला, सुनेला,
मासळीवालीला, रुसलेलीला.
फोनने काय सांगितलं तिला, देव जाणे;
पांढऱ्या टोपीखालची केसांची बट आत सारत
तिने माझ्या वाडग्यात आणखी बेदाणे टाकले.

खरा घोटाळा पैशांचा.
चौकोनी ठिपक्यांच्या चित्रापुढे फोन धरला,
गोल गोल फिरत राहिला, नाही म्हणाला.
पुन्हा धरला. नाही.
शंभराची नोट काढली तर तिच्याकडे सुटे नाहीत.
रोख कोण वापरतं आता,
तिने गल्ला उघडून दाखवला:
रबरबँड, एक बटण, कुणाचा तरी दुधाचा दात.
मागे रांग चुळबुळायला लागली.
तिने हात झटकला, माशी हाकलावी तसा.
उद्या दे.

आमच्याकडे दुकानादुकानांत पाटी असते,
आज रोख, उद्या उधार.
इथे हिने पाटीच उलटी टांगली.

दुसऱ्या दिवशी सुटे मुठीत घेऊन गेलो.
वारा सुटलेला, पिवळी धूळ,
दातांखाली कचकच.
तिच्या जागी एक माणूस मक्याची कणसं भाजत होता.
बाय? त्याने खांदे उडवले.
बाय श्युछिंग? किटली? ड्रॅगन?
मी हाताने तोटी करून दाखवली, पाणी ओतून दाखवलं.
त्याने मला एक कणीस दिलं.
त्याचे पैसे मात्र चोख मोजून घेतले.

नऊ-चाळीसची गाडी होती.

पॅगोड्याचं तिकीट, देवळाचं, तळ्यावरच्या होडीचं,
सगळं फेडलेलं, शिक्क्यासकट.
बारा युआन तेवढे राहिले,
पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, घडी घातलेले.
बायको म्हणते, बदलून तरी आण बँकेतून.
आणतो, म्हणतो मी.
उद्या.