तिसरा रकाना

एप्रिलात सकाळची शाळा.
दहा वाजले की पत्रे तडतडायला लागतात
आणि चौथीची अकरा मुलं
भिंतीवरून वर्ष उतरवायला घेतात:
पाण्याचं चक्र, पाढ्यांचा साप,
पोळ्याच्या तक्त्यातला
एक पाय उसवलेला बैल.
टाचण्या मोजून डबीत. पाच कमी.
म्हणजे दुर्गेशच्या खिशात.

यंदाचा प्रकल्प: गावाचा शब्दकोश.
डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे घरचा.

खोड माझीच. मी इस्लामपूरची.
सहा वर्षांपूर्वी शिरपूरच्या पुढे एसटीतून उतरले,
तर अरुणावतीच्या पुलावर एक पोरगी म्हणाली,
"कथा चालनात, मॅडम?"
आणि मी उन्हात उभी राहिले
गोष्ट ऐकायला.

म्हणून पान पहिलं, शब्द पहिला:
कुठे – कथा.

मग मुलगा – आंडोर, मुलगी – आंडेर.
जागृती कोळी बिबड्या थापणाऱ्या बायकांत जाऊन बसली,
सत्तावीस शब्द आणले,
वर वाटीभर घाटा, माझ्यासाठी, गार झालेला.
मोहित शिंपी म्हणाला, शिलाई आमनाकडे,
आणि गणवेशातून उरलेल्या निळ्या दोऱ्याने
अठ्ठेचाळीस पानं अशी आवळली
की वही धड उघडेना.
विहिरीवरून भांडण झालं.
हिर की हीर?
हात वर करून मतदान: सहा विरुद्ध चार.
एक तटस्थ.

तटस्थ म्हणजे खुमान पावरा.
वरच्या पाड्यावरून येतो, खिडकीशी बसतो,
हजेरीला नुसता हात वर करतो.
त्याच्याइतकी सरळ रेघ आमच्यात कोणाची नाही,
म्हणून सगळी आखणी त्याच्याकडे.
फेब्रुवारीत मी म्हटलं होतं,
"खुमान, प्रत्येक पानावर एक रेघ जास्त पडली रे.
दोनच रकाने हवे होते."
तो म्हणाला, "हो."
खोडली मात्र एकही नाही.
मीही नंतर विसरले. तपासणी होती.

एक मे. झेंडा झाला, गोळ्या वाटल्या,
प्रगतिपत्रकं दिली, सगळे पास.
आखाजीच्या झोक्यासाठी दोर कोण आणणार
यावर मागच्या बाकांवर खल चालू.
मुखपृष्ठ रंगवायला नेलेली वही
खुमानने टेबलावर ठेवली.

उघडली.
तिसरा रकाना भरलेला.
पेन्सिलीने, फिक्या,
जणू कोणी ओरडलं तर पुसता येईल.

अक्षर न् अक्षर ओळखीचं.
क ला काना, र ला उकार, सगळं मीच शिकवलेलं.
आणि मला एकही शब्द लागेना.
त्या पुलावर उभी होते तशी.

"वाच," म्हटलं.
त्याने वाचलं.
चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज
पंख्यापेक्षा मोठा होता.
जागृतीने एक शब्द परत म्हणायला लावला,
मग स्वतः म्हटला, चुकला,
तो हसला. मास्तर हसतात तसा.

शेवटच्या पानावर एक जागा रिकामी.
सुट्टी – सुटी –
आणि पुढे नुसती रेघ.
"घरी इचारलं. कोणाले आठवना नही.
परत इचारसू. जूनमा आणी दिसू."
बोलला अहिराणीत. माझ्यासाठी.

जूनमध्ये तो पाचवीला.
आमची शाळा चौथीपर्यंतच.
हे त्यालाही माहीत होतं, मलाही.
"आण," म्हटलं.

मुलं गेली. खडूची भुकटी, गोळ्यांचे कागद,
उंबऱ्यावर ओळीने मांडलेल्या पाच टाचण्या.
वहीतून पेन्सिल काढली नाही, तिथेच राहू दिली.
कपाटाच्या यादीत मुख्याध्यापकांना
प्रत्येक प्रकल्पापुढे "पूर्ण" लागतं.
मी लिहिलं: चालू.