सहा घरं

सेगेडच्या तार्यान वसाहतीत, शहाण्णव साली,
आमचा खेळ एका दगडी तोंडाशी अडला.
करड्या कॅसेटवर नाव नव्हतं,
नुसता एक ड्रॅगन, तोही अर्धा सोललेला;
बाबांनी मार्स चौकातल्या बाजारातून आणलेली,
दोन किलो मिरच्यांच्या भावात.

दगडी तोंड इंग्रजीत विचारायचं.
गिझी नेनीचा शब्दकोश मांडीवर घेऊन
एमोकेनं एकेक शब्द वेचला, खडे निवडावेत तसा:
जे ओलांडतोस, त्यानेच जेवतोस. काय?
खाली सहा रिकामी घरं.

काय काय नाही लिहिलं आम्ही!
उंबरा. चमचा. मांजर.
(मांजर माझं. सातव्या वर्षी माझ्याकडे
जगातल्या सगळ्या कोड्यांना तेवढं एकच उत्तर होतं.)
मग तिनं सावकाश पाच घरं भरली: तिसा.
आमची नदी.
"शाळेला जाताना ओलांडतो ना तिला?
आणि रविवारचा रस्सा कुठनं येतो?"
चूक, म्हणालं तोंड.
जमीन दुभंगली, आम्ही थेट पहिल्या मजल्यावर.
ती पुन्हा चढली नाही.

आता मी त्याच नदीची पातळी लिहितो, रात्रपाळीत,
तासाला एक आकडा.
मधल्या एकोणसाठ मिनिटांत खेळाचं पोट उघडून बसतो:
आकड्यांच्या जोड्या, सोळा-सोळाच्या ओळी,
आणि उजव्या कडेला, केरात सापडावी तशी, भाषा.
तिथं कळलं. जपानीत पूल
आणि जेवायच्या काड्या एकाच नावाला ओ देतात;
कुणीतरी घाईत श्लेष तिकडेच ठेवून
अर्थ तेवढा इंग्रजीत उचलून आणला होता.
उत्तर होतं पूल. इंग्रजीत सहा अक्षरं, काठोकाठ.

जागा वाढत नाही. एक अक्षर सांडलं
तर पुढच्या गावातला लोहार बरळू लागतो.
म्हणून कोडं मोजूनमापून आमच्या बोलीत बसवलं,
उत्तराच्या जागी तिसा लिहिलं. पाच अक्षरं,
सहाव्या घरात शून्य, म्हणजे इथं थांब.

टक्क्याचं चिन्ह पुसलं.
ड्रॅगनांच्या राज्यात टक्के कोण मोजतं?
त्या आठ बाय आठ ठिपक्यांत तिच्या नावातलं अक्षर काढलं,
ज्याच्यासाठी ओठ ओचे करायचे आणि आतून ए म्हणायचं,
डोक्यावर दोन तिरक्या रेघा.
तीन रात्री त्या रेघांतच गेल्या:
एकदा शिंगं दिसली, एकदा माशीचे पाय.
हे एकटं अक्षर आमच्यात आख्खा शब्द आहे.
त्याचा अर्थ तो. त्याचाच अर्थ ती.

पहिल्यांदा चालू केलं तर पडदा नुसता लाल.
माथ्यावरची बेरीज जुळेना;
कुणी आत हात घातलाय, एवढं यंत्राला कळतं,
कशासाठी ते नाही.
बेरीज नव्यानं मांडली. गप्प बसलं.

रविवारी एमोके आली, देब्रेत्सेनहून, चष्मा कपाळावर.
नाव टाकता टाकता थबकली.
"हे अक्षर कधीपासून यात?"
होतंच की, म्हणालो.
दगडी तोंडापाशी ती हसली,
"हे येतं मला आता. ऑफिसातल्या एका जपानी बाईनं सांगितलंय."
आणि लिहिलं: पूल.

चूक, म्हणालं तोंड, शुद्ध हंगेरियनमध्ये.
जमीन दुभंगली.

"तुझ्या दुरुस्तीत खोट आहे."
असेल, म्हणालो.
पुन्हा चार मजले, वटवाघळं, खिळ्यांचे खड्डे,
पुन्हा ती सहा घरं.
"तेव्हा मी काय लिहिलं होतं रे?"

मी रस्सा ढवळायला उठलो.
तिखट जरा जास्तच पडलं होतं.
मागे बटणाचा आवाज आला, एक.
मग बराच वेळ दुसरा नाही.