फुटाळा, बसून

मेट्रोची लिफ्ट गोड बोलून खाली उतरवते.
पुढे रस्ता मुका.
उतारावर कुणाची तरी बुलेट आडवी.
प्रमिला ओरडते, "कोनाची हाय बाप्पा?"
भुट्टेवाला पंखा ठेवून येतो,
मागचं चाक उचलतो.
माझं नाही, बुलेटचं.

मग कठडा. नेमका डोळ्यांइतका.
फुटाळ्याला पाणी आहे, असं ऐकते;
उभी माणसं तलाव पाहतात,
मी त्यांच्या पाठी.

शेजारी पाच-सहा वर्षांचा एक,
तोही कठड्याआड बुडालेला.
"आजी, इथं ईट पडली हाय ना,
इथून बदक दिसते."

विटेएवढं पाणी.
आम्ही पाळीपाळीनं पाहतो.
प्रमिला म्हणते, निघू या, अंधारलं.
थांब ना,
आता माझी पाळी आहे.