टाच

डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरतो.
दोनदा उसवून शिवलेला,
दुसऱ्यांदा अम्मानमध्ये, उधारीवर.

होम्स ते वाएर, चौदा सीटा.
भाड्याचे पैसे मागून हातोहात पुढे येतात,
कधीकाळी कडेवरून पास यायचे तसे,
आणि सुटे त्याच वाटेने परत.

आज मागच्या बाकावर दोन म्हातारे जुंपलेत
अठ्ठ्याण्णवच्या फायनलवरून.
"तो गोल? ऑफसाइड होता तुमचा गियास!"
"डोळे तपासून घे, अबू नासिफ."
"मी कठड्यावर बसलो होतो, लायनमनच्या डोक्यावर!
झेंडा वर केलाच नाही त्यानं.
गियासचा मेहुणा ना तो!"

गियास आरशात बघतो.
सत्तावीस वर्षं, अठरा किलो, ही मिशी.
आणि मेहुणा कुठला?
तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं त्याचं.

एकशे बारा गोल.
क्लबची कचेरी जळाली, वह्या जळाल्या,
ज्यानं सगळी कात्रणं चिकटवली होती
तो भाऊ कुठे आहे, हे विचारायचं नसतं.
साक्षीदार उरले ते असे,
तिघांच्या बाकावर चौघे,
गुडघ्यांवर वांग्यांच्या पिशव्या घेऊन खोटं बोलणारे.

भाजीबाजाराशी अबू नासिफ उतरतो.
दार लोटणार, तेवढ्यात
गियास मान न वळवता म्हणतो,
"टाच, अम्मो. फक्त टाच पुढे होती."

मागे हॉर्नवर हॉर्न.
एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर,
म्हातारा तसाच उभा,
झेंडा न उचललेल्या लायनमनसारखा.