ही जागा तुम्हाला माहीत आहे का?

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाइलच्या मागं,
जिथं डांबर संपतं आणि रस्ता नुसत्या सवयीनं पुढं जातो,
तिथं टँकर लावून मी नळी सोडली
आणि फोनवर एक पांढरी चौकट उघडली:
ही जागा तुम्हाला माहीत आहे का?

मला असं कुणी विचारत नाही.
विचारतात ते किती गॅलन, पावती कुठंय, उशीर का.
माहीत आहे का, हे शेवटचं विचारलं
सातवीत, भूगोलाच्या बाईंनी,
तेव्हा मी खाली बघितलं होतं.

नकाशात तिथं कोरा पिवळट पट्टा.
समोर आठशे माणसं, खांद्यावर टॉवेल,
टाकी भरायची वाट बघत.

डावा हात व्हॉल्व्हवर, उजव्याच्या अंगठ्यानं लिहिलं:
कॅम्प नंबर चार. पुढचं गेट कायम बंद.
मागून या. कुत्रा भुंकतो, चावत नाही.
नावाच्या रकान्यात खरं नाव घालायला धजलो नाही.
लिहिलं, पाणीवाला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं:
तुमच्या माहितीचा एकशे बारा जणांना उपयोग झाला.
यंत्राचेच आभार ते,
तरी दोनदा वाचले,
रात्री पांघरुणात तिसऱ्यांदा.

मग चटकच लागली.
कुन्हिमोनची टपरी, करक चहा शंभर बैसा, उधारी फक्त ओळखीवर.
मशिदीबाहेरचा गार पाण्याचा कूलर, डावीकडचा नळ गळका.
झापाकडच्या नेपाळ्याचं शिलाई मशीन, शुक्रवारी दुपारनंतर.
आणि ते एकटं गाफचं झाड.
झाडासाठी प्रकार सापडेना.
यादी वरखाली केली: हॉटेल, दवाखाना, बँक.
शेवटी उद्यान निवडलं.
खाली खरं तेच लिहिलं:
बाक नाहीत. सावली साडेतीनपर्यंत.

मी 'बॅकरी' लिहिलेलं कुणीतरी 'बेकरी' केलं.
कोण, कुठला, पत्ता नाही.
माझ्या चुकीवरून एका अनोळखी माणसाचा हात फिरला
आणि आवाज चढला नाही.
मुकादमाला हे दाखवायला हवं.

भगीरथ वरच्या पलंगावरून म्हणाला,
पैसे देतात का रे? फुकट राबवतात तुला.
बरोबर आहे त्याचं.
कुणाच्या तरी गल्ल्यात पडतच असणार माझं झाड.
पण या बंदराला मी नऊ वर्षं पाणी पाजलं,
त्यावर तरी कुठं माझं नाव आहे?

माखजनहून पोरीनं फोन केला.
नकाशावर बोट ठेवून ती गेटातून आत आली होती,
कुत्र्याला भ्यायली नाही म्हणाली.
बाबा, तुमच्याकडं उद्यान आहे?
आहे म्हटलं.
मोठं?
एका माणसाला पुरेल इतकं.

फेब्रुवारीत कॅम्प उठला.
लोखंडी खोल्या ट्रेलरवर चढल्या, माणसं बसमधून
कुठल्या कुठल्या साइटवर गेली.
माझी फेरी रद्द झाली, वहीत नुसती आडवी रेघ.
त्याच संध्याकाळी फोन विचारतो:
ही जागा अजून इथे आहे का?
होय. नाही. सांगता येत नाही.

तीन दिवस अंगठा तिन्हीवरून फिरवला.
चौथ्या दिवशी दुसऱ्याच कुणी दाबलं होतं,
लाल अक्षरांत: कायमचे बंद.

तेवढ्यात झाडाखाली एक फोटो आलेला दिसला.
मी काढलेला नाही.
गाफच्या बुंध्याला टेकून प्लास्टिकची खुर्ची,
एक पाय मोडका, त्याखाली विटांचे तुकडे लावून सरळ केलेला.
खाली नाव नाही, नुसती तारीख, कालची.

गाडी बाजूला घेतली.
दुरुस्ती सुचवा, वर बोट ठेवलं
आणि माझीच जुनी ओळ खोडून लिहिलं:
बाक, एक.